रात्रपाळीच्या ऑपरेटरला कमांड शिकवायच्या की मेनू द्यायचा?

दालमिलवाला, जळगाव

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे वाद घालायला बरं. रात्रपाळीच्या ऑपरेटरला लिनक्सच्या कमांड पाठ करायला लावू नये, टर्मिनलातच, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावरच, मेनू करून द्यावा. आमच्या एमआयडीसीतल्या मिलमध्ये वजनकाट्याला डेबियनचा (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हर आहे, तुरीच्या सीझनला रात्रभर गाड्या लागलेल्या असतात, आणि प्रिंटर अडकला, काट्याचं रीडिंग येईना, बॅकअप राहिला की पोरगा मला फोन लावतो, मग मी त्याला एकेक अक्षर सांगत बसतो, इथं स्पेस दे, इथं हायफन दे, आणि तिकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. म्हणून मी यामलची (साध्या मजकुरात माहिती मांडायची पद्धत) एक फाइल केली. प्रत्येक कामाचं मराठी नाव, त्याची पूर्ण कमांड, आणि चालवण्याआधी ‘नक्की का’ विचारायचं की नाही, एवढंच त्यात. छोटी स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि व्हिपटेलने (टर्मिनलात चौकट काढणारा छोटा प्रोग्राम) मेनू दाखवते, बाण खाली, एंटर, झालं. नवीन काम आलं की स्क्रिप्टला हातच लावायचा नाही, फाइलमध्ये भर घालायची. फाइल गिटमध्ये आहे, कोणी काय बदललं ते दिसतं. आता यात वाईट काय ते सांगा.

भुसावळ जंक्शन

वाईट हे भो, की तो पोरगा वर्षभराने पण तिथंच राहणार. कमांड त्याच्या नजरेलाच पडत नाही. टाइप केलेल्या कमांडची हिस्टरी उघडली तर नुसतं मेनू, मेनू, मेनू, आत काय चाललं याचा पत्ता नाही.

आणि दुसरं, मेनू आजार झाकतो. तुझ्या काट्याचंच घे, लाइट जाऊन आली की यूएसबी-सिरियलची केबल काल टीटीवाययूएसबी शून्य या पोर्टवर होती ती आज एकवर येते, सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टवर वाट बघत बसतं. मग मेनूत ‘काटा रिस्टार्ट’ टाकलं, स्क्रिप्टने पोर्ट शोधून दिला, पोरगा रोज दाबतो, सगळे खूश. अरे पण युडेवचा (जोडलेल्या उपकरणांना नाव देणारी लिनक्सची सोय) एक नियम लिहिला, नाहीतर केबलच्या ओळखीवरून ठरणारा सिरियल बाय-आयडी वाला पाथ दिला, तर ते बटण लागणारच नाही ना! मेनूतली जी ओळ रोज दाबावी लागते ती कुठल्या तरी न केलेल्या दुरुस्तीची ओळ असते, माझं तर हेच म्हणणं आहे.

दालमिलवाला, जळगाव

युडेवचा नियम हवाच, त्यात वाद नाही. पण तो मी लिहिणार, रात्री दोनला पोरगा नाही लिहिणार. त्याला गाडी सोडायची आहे. प्रिंटरची रांग अडकणं, पेनड्राइव्हवर बॅकअप घेणं, डिस्क किती भरली बघणं, ही कामं कुठल्याही नियमाने संपत नाहीत, ती माणसालाच करावी लागतात आणि ती बिनचूक व्हायला पाहिजेत.

धुळेकर ताई

दोघांचं ऐकलं. मी आधी आयबीएमच्या एआयएक्स (युनिक्सचा एक प्रकार) मशीनवर काम केलंय, तिथं स्मिट नावाचा मेनू होता आणि भल्याभल्या ॲडमिन लोकांना तो वापरण्यात कमीपणा वाटत नसे. त्यात एफ-सहा दाबलं की हा पर्याय नेमकी कोणती कमांड चालवणार ते समोर यायचं. शिवाय जे जे चाललं ते होम डिरेक्टरीत स्मिट-स्क्रिप्ट नावाच्या फाइलमध्ये उतरायचं, पुढच्या वेळी तीच ओळ उचलून आपली स्क्रिप्ट करायची. मी कितीतरी कमांड अशाच शिकले भाऊ, मेनूतूनच. म्हणून भुसावळवाल्यांचं ‘मेनूने माणूस शिकत नाही’ हे मला अजिबात पटत नाही. कमांड लपवणारा मेनू वाईट, दाखवणारा मेनू मास्तर असतो.

दालमिलवाले भाऊ, तुमची कमांड फाइलमध्ये पूर्ण लिहिलेलीच आहे, मग ती चालवण्याआधी पडद्यावर छापा आणि तारखेसकट लॉगमध्ये पण टाका. व्हिपटेलऐवजी एफझेडएफ (यादीतून शोधून निवडायचा प्रोग्राम) घेतलं तर त्यात प्रिव्ह्यूची सोय आहे, डावीकडे मराठी नाव, उजवीकडे कमांड. व्हिपटेलमध्ये देवनागरीचा एक त्रास पण आहे, काना-मात्रा मोजण्यात टर्मिनल आणि लायब्ररीचं जमत नाही, चौकटीची उजवी रेघ वाकडीतिकडी होते. आणि लोकेल (सिस्टिमची भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-आठ नसेल तर अक्षरंच दिसत नाहीत.

तापीकाठ

शिकणं-बिकणं राहू द्या, मला सेफ्टीची काळजी आहे. मेनूत गाडी नंबर टाइप करायला लावता का? मग तो कमांडमध्ये कसा जातो? मजकूर नुसता चिकटवून इव्हॅलने (मजकूर जसाच्या तसा कमांड म्हणून चालवणारी सोय) चालवत असाल तर पोरगा ‘एमएच १९’ नंतर स्पेस देणार आणि एका नंबरचे दोन शब्द होणार, आणि कोणी अर्धविराम टाकून पुढे काही लिहिलं तर तेही चालणार. टाइप केलेला मजकूर वेगळं आर्ग्युमेंट म्हणून द्या, अवतरणात, कमांडच्या मजकुरात कधीच मिसळू नका.

दुसरं, मेनू सुडोने, म्हणजे रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) हक्काने, चालतो का? मग ती यामल फाइल कोणाला बदलता येते ते आज बघा. ऑपरेटरला ती लिहिता येत असेल तर तुम्ही त्याला रूटच देऊन टाकलं आहे. आणि ‘लॉग बघा’ असा पर्याय सुडोसकट लेसमध्ये (फाइल पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडत असेल तर आत उद्गारचिन्ह देऊन शेल, म्हणजे कमांड चालवायची जागा, मिळतं, तेही रूटचं. लेससिक्युअर व्हेरिएबल सेट करा, नाहीतर लॉग नुसता टेलने (शेवटच्या ओळी छापणारी कमांड) दाखवा.

नंदुरबारी

हाई काम बेस शे भाऊ, पण स्वतःचं यंत्र कशाला लिहिता? जस्ट नावाचा कामं चालवणारा प्रोग्राम आहे ना. जस्टफाइलमध्ये कामं लिहायची, वर कॉमेंटमध्ये माहिती, आणि चूज हा पर्याय दिला की ते एफझेडएफ उघडून यादी दाखवतं. स्क्रिप्ट सांभाळायची कटकट नाही. यामलचं पण सांगतो, जुन्या १.१ नियमाने फाइल वाचणारे पार्सर अवतरणाशिवाय लिहिलेलं नो किंवा ऑफ खोटं म्हणून वाचतात, आणि इंडेंटला टॅब चालत नाही. घाईत फाइल बदलणाऱ्याला हे कोण सांगणार? टॉमल (यामलसारखीच दुसरी पद्धत) घ्या निदान.

दालमिलवाला, जळगाव

इव्हॅल नाहीये, आणि फाइल रूटच्या मालकीची, बाकीच्यांना फक्त वाचायला. लेसचं मात्र आजच बदलतो, तापीकाठ भाऊ, मनापासून आभार. ताईंचं पण घेतो, कमांड छापायची आणि लॉगला टाकायची, एफझेडएफचा प्रिव्ह्यू लावून बघतो. जस्ट चांगलं आहे, पण सध्या माझी स्क्रिप्टच ठेवतो.

भुसावळ जंक्शन

ठीक आहे, ताईंचा मेनू असेल तर माझा अर्धा विरोध गेला. अर्धा अजून आहे. मेनूची सवय बोटाला लागते, पोरगा वाचत नाही, तीनदा खाली आणि एंटर एवढंच त्याला माहीत. उद्या तू फाइलमध्ये वर एक ओळ घातलीस की त्याच बोटाने दुसरंच काम होणार, आणि ते ‘जुन्या नोंदी पुसा’ निघालं तर काय करशील? प्रत्येक कामाला फाइलमध्येच कायमचं अक्षर ठरवून दे, प प्रिंटरचा, ब बॅकअपचा, नवीन ओळ नेहमी शेवटी. पुसायचं काम असेल तिथं होय-नाही नको, कामाचं नावच टाइप करायला लाव. आणि डीएफ (डिस्क किती भरली) आणि सिस्टिमसीटीएल स्टेटस (प्रोग्राम चालू आहे का) एवढं तरी त्याला हाताने शिकव, फायली वाचायची स्क्रिप्टच पडली तर त्याच्याकडे मेनू पण नसेल आणि कमांड पण.

धुळेकर ताई

अक्षराचं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त इंग्रजी कीबोर्डवर प कुठून आणणार तो? रोमन अक्षर द्या, नाव मराठीत राहू द्या.