तुमचं कॅरेक्टर कुणाच्या देवळात जाईल? पाणी, माती, आग की वारा

डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा; धागाही यानंच काढला)

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या टेबलावर नवीन कॅम्पेन (बरेच रविवार चालणारी गोष्ट) सुरू होतंय. जग डंजन्स अँड ड्रॅगन्स या कॅरेक्टर घेऊन गोष्ट खेळायच्या खेळातलं, फरगॉटन रेल्म्स नावाचंच, पण गाव मी बांधलंय: पाच नद्या मिळून झालेली एक नदी, काठावर घाट, मागं डोंगरावर किल्ला. कुठून उचललंय ते इथं सांगायची गरज नाही.

गावात देवळं चारच. पाण्याचा इस्तिशिया, मातीचा ग्रुंबार, आगीचा कोसुथ आणि वाऱ्याची अकाडी. चौघंही तटस्थ, म्हणजे भक्त चांगला का वाईट याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. वर आपसात वैर: कोसुथचं इस्तिशियाशी जमत नाही, अकाडीचं ग्रुंबारशी.

कुठल्या देवाच्या स्पेल (मंत्र) भारी हे पुस्तकात बघता येतं, ते इथं नको. आधी यांच्यापैकी कुणाची सेवा केली असेल तर काय झालं ते लिहा. नवख्यांनी कुणाला धरणार आणि का, ते लिहा. आमच्या टेबलावर न खेळणाऱ्यांनीही लिहावं.

पूररेषा

मी इस्तिशियाची. वॉटर जेनासी (अंगात पाण्याचा अंश असलेली) क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, मागच्या कॅम्पेनमध्ये शेवटपर्यंत जगली.

ज्यांनी ऑगस्ट २०१९ बघितलाय त्यांना पहिला प्रश्न हाच पडतो की पूर घरात आलेली बाई पाण्याच्या देवाला कशी धरते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी आकडा ५५ च्या वर गेला. आमच्याकडं पाणी जिन्यावर होतं आणि आई वरच्या खोलीत बसून दर तासाला पायऱ्या मोजायची. तेव्हापासून पाण्याशी माझं भांडण आहे, आणि ज्याच्याशी भांडता येतं त्याचीच सेवा मला करता येते. वाऱ्याशी काय भांडणार?

गंमत अशी की पहिल्या लेव्हलला ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ ही स्पेल मिळते. पाणी नाहीसं करायचं तर दहा गॅलन, म्हणजे ३८ लिटर. डीएमनं गावात पूर आणला तेव्हा मी ती टाकली. टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. दोन बादल्या कमी झाल्या!

सातव्या लेव्हलला मात्र ‘कंट्रोल वॉटर’ हातात आली. तिनं पाणी वीस फुटांपर्यंत चढवता येतं. इशारा आणि धोका यांच्यात चार फुटांचं अंतर असलेल्या गावातल्या माणसाला वीस फूट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शत्रूची छावणी नदीच्या काठावर होती आणि आमचा रोग (चोरटा लढवय्या) म्हणत होता, चढव, एका फटक्यात विषय संपतो. छावणीच्या मागं कुंभारांची घरं होती. डीएमनं ती मुद्दाम ठेवली होती, मला ठाऊक आहे. मी नाही चढवलं. लढाई लांबली, आमचा पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) गेला, आणि तो खेळणारा मित्र दोन रविवार माझ्याशी धड बोलला नाही.

इस्तिशियाला यातलं काहीच लागलं नसतं. तो बदलाचा देव. नदीनं काठ बदलला तरी ती नदीच, असं त्याचं म्हणणं. घरं मला दिसत होती, त्याला नाही. मला हाच देव पुन्हा हवाय.

डीएम

घरं मुद्दाम ठेवली होती. कबूल.

भट्टीवाला

कोसुथ. शिरोलीला फाउंड्रीत आहे, त्यामुळं दुसरा देव घेतला तर शिफ्टमधली पोरं हसतील.

पण एक सांगतो. खेळात आगीचा भक्त म्हटलं की लोक दाढीवर हात फिरवत सगळं गाव पेटवणारा माणूस करतात. आमच्याकडं चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड लॅडलमधून (ओतायच्या भांड्यातून) साच्यात जातं आणि त्या वेळी कुणी ओरडत नाही. कोण कुठं उभा राहणार, कोण हात दाखवणार, सगळं ठरलेलं. कोसुथचा पंथ असाच आहे: कडक उतरंड, वरच्याचा शब्द शेवटचा, आणि वरची पायरी चढायची तर निखाऱ्यांवरून चालून दाखवायचं. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्यातही नवा पोरगा पहिले काही महिने वाळूच चाळतो.

इस्तिशियाशी वैर का, हेही भट्टीवर कळतं. साचा ओलसर राहिला आणि त्यात धातू ओतला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड उडतं. आम्ही पाण्याला नावं ठेवत नाही, फक्त साचा कोरडा आहे का ते पुन्हा बघतो.

माझा क्लेरिक फोर्ज डोमेनचा, म्हणजे भट्टीच्या शाखेचा. सहाव्या लेव्हलला त्याला आगीचा मार निम्माच लागायला लागला. त्या दिवशी मला त्याचा जरा राग आला. असं काही आम्हाला मिळत नाही.

लाल माती

भावा, ग्रुंबार. दुसरा विषयच नाही.

तालमीत वाढलोय. आखाड्याची माती म्हंजे नुसती माती नव्हं, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असती. अंगाला लागली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वास जात नाही. माझं कॅरेक्टर अर्थ (मातीचा) जेनासी फायटर, हत्यार घेत नाही, धरतो आणि दाबून ठेवतो. ग्रॅपल झालं की समोरच्याचा स्पीड शून्य. ड्रॅगन असूदे न्हाईतर राजा, शून्य म्हंजे शून्य! (मोठ्या ड्रॅगनला धरता येत नाही, दोन साइजचा फरक पडतो, हे डीएम सांगणारच. सांगू दे.)

ग्रुंबारला दिलेला शब्द मोडता येत नाही, ते मला पटलं. पण त्याला बदल चालत नाही, तिथं जरा अडतंय. आमचं वस्ताद मॅटला हात लावत नव्हतं. आता पोरांना पुढं जायचं तर मॅटवर खेळायला लागतंय, आणि वस्ताद स्वतः उभं राहून शिकवत्यात, तोंड वाकडं करून. ग्रुंबारचा पुजारी असाच करायचा माझा विचार हाय. शब्द पाळणारा, पण कुरकुरत का होईना सरकणारा. चालंल का?

डीएम

चालेल. देवाला कळलं तर बघू.

भिरभिरं

कुणीच घेतली नाही म्हणून अकाडी मी घेते. तसंही ती आमच्या घरातलीच. आज्जा बकरी घेऊन फिरायचा, पावसाळा ओसरला की निघायचा. मुक्काम कुठं हे वारा बघून ठरायचं, आणि वाघराचं (बकरी कोंडायच्या जाळीचं) तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं तेही. अकाडीच्या भक्तांची मोठी देवळं नसतात, ते एका जागी टिकत नाहीत. मग डीएम, तुमच्या गावात तिचं देऊळ दगडी कसं? ते आधी काढा. पाल ठोका.

एका खेळाडूची आई

पोराच्या फोनवरून लिहितेय. दर रविवारी चहा देताना तुमचं ऐकते म्हणून विचारते. पोरांनो, महाभूतं पाच. तुमच्याकडं चारच देव कसे? आकाश कुठं गेलं?

डीएम

काकू, गेम अमेरिकेतला. १९७४ मध्ये पहिल्यांदा छापला. त्यांच्याकडं चारच.

एका खेळाडूची आई

त्यांच्याकडं असतील. तुझं गाव पंचगंगेवर आहे ना?

अंबाबाईचा किरणोत्सव बघितलाय का? नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. पण वाटेत कुणी मजला चढवला, फलक लावला की किरणं अडतात. ढग आले तर प्रश्नच मिटला. मूर्ती जागेवर, सूर्य जागेवर, मधली मोकळी जागा नसेल तर काही उपयोग नाही. ती मोकळी जागा म्हणजे आकाश. तिचा देव कर. त्याला देऊळ नको, गावाच्या मधोमध एक रिकामा प्लॉट ठेव. भक्तांचं काम एकच, तिथं कुणाला काही बांधू द्यायचं नाही.

भट्टीवाला

हे चौघांपेक्षा अवघड आहे.

पूररेषा

काकू, तुम्ही खेळायला या. मला पार्टीत ही क्लेरिक हवी.

डीएम

घेतलं. पाचवा देव, नाव काकू ठरवतील. वैर कुणाशी असेल?

एका खेळाडूची आई

बिल्डरशी.

लाल माती

काकू, प्लॉट कुणाच्या नावावर हाय ते आधी बघा. सातबारा असंल तरच लढाई जिंकतो आपण.