मदत हवी आहे: देवळातल्या कार्यक्रमांसाठी पिकअपवाली गिटार, बजेट ३०,००० पर्यंत

नमस्कार मंडळी,

मी फोंडा तालुक्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. भावगीतं आणि भक्तिगीतं गाणारा आमचा पाचजणांचा गट आहे. पेटी, तबला, एक गायक, एक गायिका आणि गिटारवर मी. चवथीपासून शिगम्यापर्यंत महिन्याला दोन-तीन कार्यक्रम होतात, बहुतेक देवळाच्या सभामंडपात, कधी कुणाच्या घरी. आता मला नवी, पिकअपवाली (म्हणजे आवाज केबलने थेट स्पीकरला देणारी) गिटार घ्यायची आहे आणि तीन आठवडे वाचून वाचून डोकं भणभणलंय. म्हणून इथे सविस्तर लिहिते. लांबण लागेल, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी काय सांगणार?

आधी जुन्या गिटारीचं सांगते. ती माझ्या थोरल्या भावाने पहिल्या पगारातून घेऊन दिली होती. परवाच्या जुलैत वाजवताना बोटं दुखायला लागली. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बारावीवर) मोजपट्टी लावून पाहिलं तर सगळ्यात जाड तार जवळजवळ ४ मिमी वर! एरवी ती अडीचच्या आसपास असायची. मग गिटार आडवी धरून उजेडाकडे पाहिली. ब्रिजच्या (वरच्या फळीवर चिकटवलेली, तारा जिथे अडकतात ती लाकडी पट्टी) मागे लाकूड फुगून वर आलं होतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सरकवलं, ते अर्धा सेंटिमीटर आत गेलं. तेव्हा पोटात अगदी खड्डा पडला.

दुरुस्तीला दिली, तर त्या कारागिराने ब्रिज न काढताच फटीत झटपट चिकटणारा गोंद भरला. दोन महिन्यांत फट पुन्हा उघडली. दुसऱ्या एकाला दाखवली, तर तो म्हणाला की आता तो जुना गोंद खरवडून लाकूड उघडं केल्याशिवाय नवा गोंद धरायचा नाही, आणि खरवडताना वरची फळी किती वाचेल याची खात्री नाही. भावाची आठवण म्हणून ती घरात राहीलच, पण तिच्यावर कार्यक्रम करणं आता जमणार नाही.

दुसरं कारण कोजागिरीचं. त्या गिटारीला पिकअप नव्हता, म्हणून साऊंडवाले माझ्यापुढे माईक ठेवायचे. सभामंडपात फरशी दगडी, भिंती उघड्या, तबला माझ्या डाव्या हाताला. माझ्या माईकमध्ये गिटारीपेक्षा तबलाच जास्त. मग त्यांनी आवाज वाढवला आणि स्पीकरमधून 'हूऽऽऽ' असा घुमारा सुरू झाला. आमची गायिका दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होती, ती थांबली. पुढे बसलेली माणसं कान झाकून घेत होती. दोन महिने बसवलेलं गाणं असं तुटलं. त्या रात्री ठरवलं की पुढच्या मोसमाला केबलमधून थेट आवाज देणारी गिटार हवीच.

आता माझी गरज. मी बोटांनीही वाजवते आणि पिकनेही, पण जोरात झोडपत नाही. गायक काळी एकमध्ये गातो, गायिका काळी पाचमध्ये. म्हणजे कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) पहिल्या घरात लावून सी-चे आकार, किंवा तिसऱ्या घरात लावून जी-चे. कॅपो लावल्यावर सूर पेटीशी तंतोतंत जुळणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. जुन्या गिटारीच्या तारा उंच झाल्यावर कॅपो लावला की त्या चढायच्या आणि पेटीवाले काका गाणं चालू असतानाच माझ्याकडे वळून बघायचे. हात लहान आहेत, मोठ्या ड्रेडनॉटवर (रुंद, भरदार अंगाच्या गिटारीवर) दीड तासाने उजवा खांदा भरून येतो.

वाचून जी नावं डोक्यात राहिली ती अशी. यामाहाची एफजीएक्स८००सी आणि तिचीच लहान अंगाची बहीण एफएसएक्स८००सी. दोन्हींची वरची फळी सॉलिड (एकसंध) स्प्रूस लाकडाची. लहानीची तारेची लांबी ६३४ मिमी, मोठीची ६५०, म्हणजे लहानीवर फ्रेटही जरा जवळ येतात. फेंडरची सीडी-६०एससीई, तिचीही फळी सॉलिड आणि पिकअप फिशमनचा, पण अंग ड्रेडनॉटचं. आणि यामाहाचीच एपीएक्स६००, अंगाने पातळ, फळी लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेली.

माझं घोडं अडलंय ते इथेच. सगळे म्हणतात, सॉलिड टॉपच घे, आवाज वाजवता वाजवता खुलत जातो. पण हे लिहिणारे बहुतेक कोरड्या हवेतले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चपलांना बुरशी येते, पापड डब्यातच मऊ पडतात. अशा हवेत सॉलिड फळी टिकेल का, की लॅमिनेट घेऊन निवांत राहावं? लहान अंगाची गिटार सभामंडपात पोकळ तर वाटणार नाही ना? आणि दुकानात गेल्यावर सॉलिड फळी ओळखायची कशी? हे विचारते कारण माझ्या भाचीला एका दुकानात लॅमिनेट गिटार सॉलिड सांगून विकली होती, ते घरी आल्यावर कळलं.

ऑनलाइन मागवायची इच्छा नाही. पणजी किंवा मडगावला जाऊन हातात घेऊनच घेईन.

प्रतिसाद १

ताई, मी मडगावला गिटार शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या गिटारींचे सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) स्वतःच करतो. तुमच्या प्रश्नांआधी माझा एक प्रश्न. जुनी गिटार कधी गाडीच्या डिकीत उन्हात राहिली होती का? फळी फुगणं हे दमट हवेचं काम. पण ब्रिज सुटतो तेव्हा बहुतेक वेळा उष्णतेने गोंद आधी मऊ झालेला असतो. सहा तारांची ओढ मिळून ७० किलोच्या आसपास असते. मऊ पडलेल्या गोंदाला तेवढी पुरते.

सॉलिड फळी म्हणजे एकाच लाकडाचा पातळ तुकडा. तो ओल शोषतो आणि रेषांना आडवा फुगतो. लॅमिनेटमध्ये थर एकमेकांवर आडवे चिकटवलेले असतात, म्हणून एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. गोव्यात सॉलिड टिकत नाही हे मात्र खरं नाही. माझ्याकडे सॉलिडच आहे, कितीतरी पावसाळे काढलेत तिने. फक्त तिला हार्ड केसमध्ये ठेवायचं, भिंतीवर टांगायची नाही. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लाकडाला मानवते. आपल्याकडे पावसात ती ऐंशी-नव्वदवर जाते, म्हणून केसमध्ये सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. पावसात बरेच दिवस वाजवणार नसाल तर सगळ्या तारा एक सूर खाली उतरवा.

एक गोष्ट लोक हटकून चुकतात. ऑगस्टमध्ये तारा उंच झाल्या की सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी) घासून खाली आणतात. मग जानेवारीत हवा कोरडी होते, फळी बसते आणि तारा फ्रेटवर खडखडायला लागतात. सॅडल घासायचीच तर दोन ठेवा, पावसाची एक आणि हिवाळ्याची एक. ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळून फुगलेली फळी खाली बसत नाही, तो फक्त मानेचा बाक सरळ करतो. आणि पिकअपवाल्या गिटारीची सॅडल कुणालाही घासायला देऊ नका. पिकअपची पिझो पट्टी, तारांचं कंपन पकडणारी, तिच्या खालीच असते. सॅडलचा तळ केसभर जरी वाकडा झाला तरी एखादी तार स्पीकरमध्ये मुकी होते.

दुकानात सॉलिड फळी ओळखायला साऊंडहोलच्या (वरच्या फळीतल्या भोकाच्या) कडेवर टॉर्च मारा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर सॉलिड. मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला तर लॅमिनेट. कडेला पट्टी किंवा जाड रंग असेल तर हे दिसत नाही, तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव कंपनीच्या माहितीशी ताडून पाहा. फेंडरमध्ये सीडी-६०सीई आणि सीडी-६०एससीई या दोन वेगळ्या गिटारी आहेत, त्या एका 'एस'चा अर्थच सॉलिड.

तुमच्या हाताला आणि खांद्याला एफएसएक्स शोभेल.

प्रतिसाद २

डिचोलीहून लिहितोय, साऊंडचं काम करतो. कोजागिरीचं वाचून वाईट वाटलं, पण असा घुमारा पिकअपवाल्या गिटारीतही येऊ शकतो हे आधीच सांगतो. गिटारीची पेटी म्हणजे हवेने भरलेला डबा. मोठ्या अंगाच्या गिटारीत ती हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि तुमच्या पाचव्या तारेचा 'ए' आहे ११० हर्ट्झवर. मॉनिटरचा (वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज डब्यात शिरला की नेमका तिथेच हुंकार धरतो. अंग लहान किंवा पातळ असलं की हा त्रास कमी. म्हणून लहान अंगाला घाबरू नका ताई, सभामंडपात खर्ज आम्ही मिक्सरवरून देतो. उलट जास्तीचा खर्ज काढताना आमच्या नाकी नऊ येतात.

साऊंडहोलमध्ये बसणारं रबरी झाकण मिळतं, ते घ्या, निम्मा त्रास जातो. एपीएक्सला मात्र भोक लंबगोल असतं, त्यात साधं गोल झाकण बसत नाही. मॉनिटर गिटारीच्या तोंडावर नको, जरा बाजूला ठेवायला सांगा.

तीस हजारांतले दीड-दोन हजार डीआय बॉक्ससाठी (गिटारीचा आवाज लांबच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी डबी) बाजूला काढा. गिटारीची साधी केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब ओढली की ती गुणगुणायला लागते आणि देवळात मिक्सर नेहमीच लांब असतो. डीआय बॉक्स पायाशी ठेवला की पुढे माईकचीच केबल जाते. सगळ्या साऊंडवाल्यांकडे तो असेलच असं धरून चालू नका.

आणि बॅटरी. जॅक गिटारीत खोचलेला आहे तोवर प्रीअँप (गिटारीतला, पिकअपचा आवाज वाढवणारा बॅटरीवरचा भाग) चालूच राहतो, वाजवा किंवा नका वाजवू. मध्यंतरात जॅक काढा, पण आधी आम्हाला हात करा, म्हणजे आम्ही आवाज खाली घेतो. नाहीतर स्पीकरमधून जो धडाका येतो त्याने पुढच्या रांगेतल्या आजीबाई दचकतात. कार्यक्रमाच्या दिवशी नवी बॅटरी घाला. बॅटरी संपत आली की आवाज चिरका आणि फाटका येतो, आणि सगळे दोष मिक्सरला देतात.

प्रतिसाद ३

मी वाळपईचा. आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षाही जास्त. मी लॅमिनेट एपीएक्स वापरतो आणि समाधानी आहे. केस, जेल, मापक हे सगळं माझ्याच्याने होत नाही, गिटार कोपऱ्यात उभी असते. काळजी घेणं जमणार असेल तर सॉलिड घ्या, नाहीतर नको. घरात बसून एकट्याने वाजवताना मात्र माझी पातळ वाटते, हे कबूल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मडगावच्या दादा, तुम्ही डिकीचं विचारलंत आणि मी चपापलेच. मे महिन्यात एका लग्नाच्या कार्यक्रमाला गेलो होतो, जेवणं होईपर्यंत गिटार उन्हात उभ्या गाडीत होती. तीन तास तरी. इतके दिवस मी सगळा दोष पावसाला देत होते.

शनिवारी पणजीला जाऊन आले. पेटीवाले काका सोबत आले, येताना सूर लावलेली छोटी पेटीही घेऊन. चार गिटारी वाजवून पाहिल्या. डिचोलीच्या दादांचं ऐकून प्रत्येक गिटार अँपला लावूनच ऐकली. एकीची (कंपनीचं नाव देत नाही) चौथी तार हाताने वाजवताना छान वाटत होती, पण अँपमध्ये तिचा आवाज जवळपास निम्मा. सॅडलचं वाचलं नसतं तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

एफएसएक्स८००सी घेतली. टॉर्च मारून कडेच्या रेषा पाहिल्या, सरळ खाली उतरत होत्या. काकांनी काळी पाच धरली, मी तिसऱ्या घरात कॅपो लावून जी वाजवला. काकांनी भाता चालू ठेवून डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. दुकानातला मुलगा हातातलं काम थांबवून ऐकत उभा राहिला. एकट्याने वाजवताना एफजीएक्सचा खर्ज जास्त भरदार होता हे खरं, पण पेटीबरोबर वाजवल्यावर लहानीचे सूर वेगवेगळे ऐकू येत होते. मोठीचा खर्ज पेटीच्या खर्जात मिसळून जायचा. माझा निर्णय तिथेच झाला.

हार्ड केस वेगळी घ्यावी लागली, त्यामुळे बजेट थोडं ओलांडलं. डीआय बॉक्स पुढच्या महिन्यात. तारा सध्या आहेत त्याच ठेवल्यात, खराब झाल्या की ११-५२ जाडीच्या कोटिंगवाल्या लावीन. आमच्याकडे घाम आणि खारी हवा मिळून साध्या तारा तीन आठवड्यांत काळ्या पडतात.

आता एकच विचारायचं राहिलं. जेलच्या पुड्या आणल्यात, आतले मणी नारिंगी आहेत, ओल शोषली की हिरवे होतात असं दुकानदार म्हणाला. भर पावसात त्या साधारण किती दिवसांनी वाळवायला लागतात? आणि तव्यावर मंद आंचेवर भाजल्या तर चालतात का, की ओव्हनच लागतो? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.