ओएलईडी की क्यूएलईडी?
ओएलईडी टीव्हीसाठी क्यूएलईडीपेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे मोजावेत का, असं विचारलंयत. हे दोन्ही टीव्हीच्या पडद्यांचे प्रकार. आधी टीव्ही कुठे लागणार ते बघा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दिवाणखान्यात दुपारभर ऊन येतं, तिथे पडद्यामागे दिवे असलेल्या क्यूएलईडीचा जास्तीचा उजेड कामी येतो. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणार असाल तर मात्र ओएलईडीच घ्या. त्यात प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतंत्रपणे विझतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. शोरूममधल्या भगभगीत 'व्हिव्हिड' मोडवर भुलू नका. 'सिनेमा' मोड लावायला सांगा, पेनड्राइव्हवरची आपलीच क्लिप लावून चेहऱ्यांचा रंग बघा. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदार जुन्या किमतीवरची 'सूट' दाखवत असेल तर तेवढं ताडून घ्याच.