‘महागाई घटली’ म्हणजे नेमकं काय घटलं?

अनुवादिका:
हंगेरीच्या अर्थव्यवस्थेवरचा एक अहवाल मराठीत आणतेय. वाढीचा वेग, महागाई, बँकांची तब्येत, सगळं आहे त्यात. गाडी अडलीय ‘डिसइन्फ्लेशन’पाशी. जानेवारी २०२३ मध्ये तिथला महागाईचा दर २५.७ टक्के होता, युरोपीय संघात सर्वांत जास्त. ऑक्टोबरात तो ९.९ वर आला. मी लिहिलं, ‘महागाई घटली’. मसुदा बाबांना वाचायला दिला, तर म्हणाले, “म्हणजे पाव स्वस्त झाला ना तिथे?” नाही झाला! भाव वर्षभरात वाढलेलेच होते, फक्त आधीपेक्षा कमी वेगाने. ‘चलनघट’ हा शब्द डिफ्लेशनने, म्हणजे भावच खाली येण्याने, आधीच अडवलाय. मग याला म्हणायचं काय?

चौकस:
‘महागाई ओसरली’ म्हणा. रुळलेला शब्द आहे.

कराडकर:
ओसरली नको. कृष्णेचा पूर ओसरतो तेव्हा पाणी खाली उतरतं, घाटाच्या पायऱ्या परत दिसायला लागतात. तुमच्या अहवालात पाणी चढतंच आहे. आमची आजी दारात उभी राहून सांगायची, “चढतंय अजून, पण दमानं.” तुम्हाला हवं ते हेच.

संस्कृतप्रेमी:
‘स्फाय्’ म्हणजे फुगणे, त्यावरून स्फीती. इन्फ्लेशनच्या मुळाशीही फुगवणंच आहे. चलनस्फीती, अपस्फीती, अवस्फीती: एक उपसर्ग बदलला की काम झालं. परिभाषा अशीच नेमकी हवी.

चौकस:
अप आणि अव यांतला फरक वाचकाला कोण समजावणार? ताईंच्या बाबांपुढे ‘अवस्फीती’ ठेवली तर ते पान उलटणार नाहीत. आणि संस्कृतच हवं असेल तर ‘महाग’ कुठून आलं? महार्घ. अर्घ म्हणजे किंमत. लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेलं तेही संस्कृतच.

बुडापेस्टवासी:
इथे राहतो म्हणून लिहितो. २०२२ मध्ये सरकारने साखर, पीठ, सूर्यफुलाचं तेल, दूध यांचे भाव गोठवले होते. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साखरेच्या फळीला ‘माणशी इतकीच’ अशी चिठ्ठी असायची. शेजारी चीजच्या किमतीची पट्टी इतक्या वेळा बदलली की जुन्या पट्टीची कड नव्या पट्टीखालून दिसायची. गॅस आणि वीज महागली, दुष्काळात पिकं गेली, इथलं चलन फोरिंट, तोही घसरला. नुसत्या नोटा वाढल्या म्हणून हे झालं नाही, त्यामुळे इन्फ्लेशनला ‘चलनवाढ’ हा शब्दच मला इथे खटकतो.

खरी चलनवाढ या शहराने १९४६ मध्ये पाहिली. तेव्हाचं चलन पेंगो. जुलैत भाव साधारण पंधरा तासांत दुप्पट होत होते. एकावर वीस शून्यं एवढ्या रकमेची नोट निघाली. शून्यं मावेनात, म्हणून दहा लाख पेंगोंना ‘मिलपेंगो’ असा शब्दच नोटांवर छापला. १ ऑगस्टला फोरिंट आला, तेव्हा ते थांबलं.

संस्कृतप्रेमी:
मिलपेंगोची माहिती नवीन होती, आभार. पण कारण बदललं म्हणून पारिभाषिक शब्द बदलत नाही. चलनवाढ पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत आहे.

अनुवादिका:
आणखी एक. ‘फायनान्शियल स्टॅबिलिटी’ला मी ‘आर्थिक स्थैर्य’ लिहिलंय. चालेल?

निवृत्त बँकवाला:
अजिबात नाही. स्थळ पाहताना आपण आर्थिक स्थैर्य म्हणतो, तेव्हा मुलाची नोकरी बघत असतो. अहवालात प्रश्न बँकांचा आणि कर्जांचा आहे, म्हणून ‘वित्तीय’. हंगेरीचंच उदाहरण घ्या. २००८ आधी तिथल्या लाखो लोकांनी स्विस फ्रँकमध्ये कर्जं घेतली, कारण व्याज कमी. पगार मात्र फोरिंटमध्ये. फोरिंट पडला आणि हप्ते फुगले. पगारात एक पैशाचा फरक नाही, तरी माणूस थकबाकीदार! शेवटी २०१४ मध्ये कायदा करून घरकर्जं फोरिंटमध्ये बदलावी लागली. आयुष्यभर कर्जखाती सांभाळली, म्हणून या एका शब्दासाठी भांडतोय.

चौकस:
वित्तीय मान्य. पण मग ‘स्थैर्य’ कशाला? ‘स्थिरता’ सोपं आहे.

निवृत्त बँकवाला:
स्थिरता म्हणजे न हलणं. स्थैर्य म्हणजे धक्का बसला तरी न कोसळणं.

संस्कृतप्रेमी:
दोन्ही ‘स्थिर’चीच भाववाचक नामं. हा भेद व्याकरणात नाही.

कराडकर:
व्याकरणात नसेल, बोलण्यात आहे.

अनुवादिका:
वित्तीय स्थैर्य घेतलं, काका. वाक्यांत ‘महागाईचा वेग मंदावला’ लिहितेय, बाबांना ते लगेच कळलं. पण तक्त्याच्या रकान्यात एवढं मावत नाही. तिथे एकच शब्द हवाय आणि मसुदा सोमवारी द्यायचाय.