मदत हवी आहे: जावा क्लासची रचना टेस्टमधून कशी तपासता?

नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाचं जावा प्रॅक्टिकल घेते. ७२ मुलं, दर आठवड्याला असाइनमेंट. हाताने तपासून मान मोडली, म्हणून जेयुनिट ५ मध्ये (जावा कोड आपोआप तपासायचं साधन) टेस्ट लिहिल्या.

पहिल्याच आठवड्यात फजिती. बँक खात्याच्या क्लासमध्ये एकाने 'विथड्रॉ'चं स्पेलिंग चुकवलं आणि माझी टेस्ट फाइल कंपाइलच होईना. बाकी सगळं बरोबर, तरी पोराला शून्य! (दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभा, लॅपटॉप उघडूनच.)

मग रिफ्लेक्शन धरलं, म्हणजे प्रोग्राम चालू असताना क्लासमध्ये काय काय आहे ते नावाने शोधायचं. 'गेटडिक्लेअर्डमेथड'ने मेथड शोधते, नसेल तर तेवढेच मार्क जातात. बॅलन्स फील्ड प्रायव्हेट आहे का, तेही 'मॉडिफायर'वरून कळतं. मेथडने फेकलेलं एक्सेप्शन (चूक झाल्याची खूण) 'इन्व्होकेशनटार्गेटएक्सेप्शन'मध्ये गुंडाळून येतं, ते 'गेटकॉज'ने सोडवते. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते पॅरामीटरच्या प्रकारावर. मी 'डबल' (दशांश संख्या) शोधते, कुणी 'इंट' (पूर्णांक) घेतो, की लगेच 'नोसचमेथडएक्सेप्शन', म्हणजे अशी मेथडच नाही. सगळ्या मेथडवर लूप फिरवून नुसत्या नावावरून शोधलं, तर ओव्हरलोड केलेल्यांमधली (एकाच नावाच्या, पण वेगळे पॅरामीटर घेणाऱ्या मेथडमधली) नेमकी कुठली घ्यायची? शिवाय मुलांना लालभडक स्टॅकट्रेस (चूक कुठून कुठे आली याची लांबलचक यादी) दिसतो, त्यातून त्यांना काही कळत नाही.

तुम्ही इथे किती कडक राहता? आधी इंटरफेस (मेथडची नावं आणि पॅरामीटर ठरवून दिलेला साचा) देऊन टाकावा, तर क्लास आखायचा सरावच बुडतो. आर्चयुनिट (जावा कोडची रचना टेस्टमधून तपासायची लायब्ररी) कुणी मुलांच्या असाइनमेंटसाठी वापरलंय का? छोटा नमुना कोड दिलात तर फार बरं होईल, सोमवारी पुढची बॅच आहे.