शब्दचर्चा : ‘स्टिल’ म्हणजे अजून, अजूनही, आजही की अद्याप?

प्रश्न

शनाया ट्वेन या कॅनडाच्या गायिकेचे ‘यू आर स्टिल द वन’ हे गीत १९९८ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १९९७ च्या अखेरीस, ते त्यांच्या ‘कम ऑन ओव्हर’ या अल्बममध्ये आले होते. आमच्या घरातील एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हे गीत वाजवायचे ठरले आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर त्याच्या शीर्षकाचा आशय मराठीत छापायचा आहे. मी ‘तू अद्याप माझा एकमेव आहेस’ असे लिहून पाहिले. अर्थ चुकलेला नाही, पण वाक्य एखाद्या कार्यालयीन टिपणीसारखे वाटते. ‘स्टिल’ या एका शब्दात जी ऊब आहे, ती मराठीत कोणत्या शब्दाने येईल?

प्रतिसाद

आपल्याला वाक्य खटकते याचे कारण ‘अद्याप’ या शब्दाच्या वापरात आहे. ‘अद्य’ आणि ‘अपि’ यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘आजसुद्धा’ असाच आहे, म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तो ‘स्टिल’च्या अगदी जवळ जातो. मात्र आजच्या मराठीत तो बहुतेक वेळा नकाराबरोबर येतो : ‘अद्याप निर्णय झालेला नाही’, ‘अद्याप पगार झालेला नाही’. त्यामुळे होकारार्थी वाक्यात तो आला, तरी राहून गेलेल्या एखाद्या कामाची सावली त्याच्यामागून येते, आणि प्रेमाच्या कबुलीवर ती सावली पडू नये.

या गीताचे मर्मच ‘स्टिल’ या शब्दात आहे, असे मला मनापासून वाटते. ट्वेन आणि निर्माते रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग यांनी १९९३ साली लग्न केले. हे लग्न टिकणार नाही, असे म्हणणारे बरेच होते, आणि त्यांना उत्तर म्हणून दोघांनी मिळून हे गीत लिहिले. म्हणून यातला ‘स्टिल’ दोन अर्थ एकदम सांगतो : इतका काळ गेला तरी, आणि लोक तसे म्हणत होते तरी. पहिला अर्थ काळाचा, दुसरा विरोधाचा. प्रेमात पडल्याची गाणी असंख्य आहेत, पण टिकून राहिल्याचा आनंद, कोणताही विजयोन्माद न दाखवता, इतक्या साध्या बोलीत सांगणारी थोडी आहेत. हे गीत अमेरिकेच्या ‘कंट्री’ या संगीतप्रकाराच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आणि सर्वसाधारण लोकप्रिय गीतांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, १९९९ साली त्याला दोन ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. तरी पंचवीस वर्षांनंतर लोक ते लग्नाच्या वाढदिवसाला लावतात, ते पुरस्कारांमुळे नव्हे, तर या दुहेरी ‘तरी’मुळे.

मराठीत नुसता ‘अजून’ पुरेल का? ‘अजून एक पोळी घ्या’ यात तो ‘आणखी’ होतो, ‘अजून आला नाही’ यात वाट पाहणे होतो. ‘तरुण आहे रात्र अजूनी’ या सुरेश भटांच्या ओळीत तो सरलेले नाही ते सरण्याआधी दिलेली हाक होतो, आणि त्या शब्दाचा मला ठाऊक असलेला सर्वांत हळवा उपयोग तोच आहे. परंतु ‘मी अजून तुझ्यावर प्रेम करते’ या वाक्यात मात्र प्रेम एव्हाना संपायला हवे होते, अशी सूचना डोकावते. तिथे ‘ही’ हे अव्यय मदतीला येते. ‘अजूनही’ म्हणताच काळाबरोबर विरोधाचा अर्थही येतो. ‘आजही’ सुंदर आहे, पण तो सुरुवातीचा दिवस आणि आजचा दिवस एवढीच दोन टोके जोडतो. मधली खडतर वाट ‘अजूनही’मध्ये अधिक जाणवते.

राहिला ‘द वन’. ‘एकमेव’ हा शब्द जाहिरातींनी आणि अर्जांनी वापरून गुळगुळीत केला आहे. मराठीजवळ त्यासाठी एका अक्षराचे अव्यय आहे : ‘च’. ‘तूच’ म्हणताच बाकी सारे जग बाजूला होते. म्हणून माझे मत : ‘अजूनही तूच’.

मात्र ‘ही’ आणि ‘च’ यांच्या जागा बदलू नयेत. ‘अजून तूही’ म्हटले तर ‘इतरांबरोबर तूसुद्धा’ असा भलताच अर्थ होईल, आणि ‘अजूनच तू’ म्हटले तर ‘अजूनच’ हा ‘पाऊस अजूनच वाढला’ यातल्यासारखा ‘आणखी जास्त’ या अर्थाचा शब्द होऊन बसेल.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. ‘अजूनही तूच’ छापायचे ठरले. यात क्रियापद नसल्यामुळे बोलणारा पती की पत्नी हे उघड होत नाही, हा लाभ आपल्या उत्तरानंतर लक्षात आला. ध्रुवपदाचा अनुवाद करताना मात्र ‘ज्याच्याकडे मी धावत येते’ किंवा ‘जिच्याकडे मी धावत येतो’ यांपैकी एक निवडावेच लागते. इंग्रजीला ती अडचण नाही, म्हणूनच कदाचित हे गीत दोघेही एकमेकांसाठी सहज गुणगुणू शकतात.

एक शंका उरते. ट्वेन आणि लँग यांचा घटस्फोट २०१० साली झाला. मग पत्रिकेवर हे गीत शोभेल का, असे घरातल्या एका ज्येष्ठांनी विचारले. शिवाय ‘तूच अजूनही’ असा क्रम अधिक काव्यमय वाटेल का?

प्रतिसाद

शोभेल. घटस्फोटानंतर दोनच वर्षांनी, २०१२ साली, ट्वेन यांनी लास व्हेगासमध्ये कार्यक्रमांची दीर्घ मालिका सुरू केली आणि तिच्या नावात ‘स्टिल द वन’ हेच शब्द ठेवले. गीत लिहिणाऱ्यांचा संसार मोडला, तरी ऐकणारा प्रत्येक जण ‘अजूनही’मध्ये स्वतःची वर्षे मोजतो, आणि आपल्या जोडप्याची पंचवीस वर्षे तर खरीच आहेत.

क्रम बदलू नये. ‘तूच अजूनही’ ऐकल्यावर मन क्रियापदाची वाट पाहते : तूच अजूनही काय? जागा आहेस, की रागावलेली आहेस? ‘अजूनही तूच’ मध्ये वाक्य ‘च’वर येऊन थांबते आणि पुढे कशाचीही अपेक्षा उरत नाही. पत्रिकेवर त्यापुढे उद्गारचिन्हसुद्धा नको, साधा पूर्णविराम द्यावा.