शब्दचर्चा: मॅनेजर आणि स्टार खेळाडूचं वाजलं की डच्चू, नारळ की अर्धचंद्र?

डच्चू, नारळ, अर्धचंद्र, हकालपट्टी. फुटबॉलमध्ये मॅनेजर आणि मोठ्या खेळाडूचं वाजलं की मराठीत यातला जो हाताला लागेल तो शब्द टाकून आपण मोकळे होतो, आणि मला हे फार खटकतं, कारण हे चार शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. नीट वापरले तर भांडण नेमकं कुठवर गेलं होतं ते एका शब्दात कळतं. म्हणून हा धागा.

माझ्या मते डच्चू म्हणजे संघातून वगळणं, एवढंच. करार शाबूत, पगार चालू, फक्त या मॅचला नाव नाही. १९ ऑक्टोबर २०२२ ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड टॉटेनहॅमविरुद्ध २-० ने पुढे होती, रोनाल्डोला बदली म्हणून उतरायला सांगितलं तर तो नाही म्हणाला आणि मॅच संपायच्या आधीच उठून टनेलमधून आत निघून गेला. पुढच्या चेल्सीच्या मॅचला मॅनेजर टेन हागने त्याला घेतलंच नाही, वेगळा सराव करायला लावला. हा शुद्ध डच्चू. पण नंतर नोव्हेंबरात त्याने टीव्हीवर मुलाखत दिली, टेन हागबद्दल मला आदर नाही कारण त्याला माझ्याबद्दल नाही असं सरळ सांगितलं, आणि २२ नोव्हेंबरला परस्पर संमतीने करार संपल्याचं क्लबने जाहीर केलं. याला "डच्चू दिला" म्हणणं चूक आहे, डच्चू मिळालेला माणूस परत येऊ शकतो. इथे फारकत किंवा काडीमोड हाच शब्द हवा.

नारळ देणं म्हणजे निरोप देणं. पाहुण्याला निघताना हातावर नारळ ठेवायची पद्धत, त्यावरून आलेला. म्हणजे जा असंच सांगायचंय पण वरवर तरी रीत पाळून. बेकहॅमला २००३ च्या उन्हाळ्यात युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर फर्ग्युसनने रेआल माद्रिदला विकू दिलं, क्लबला सुमारे अडीच कोटी पौंड मिळाले, सगळं कागदोपत्री छान झालं. तो नारळ.

अर्धचंद्र मात्र वेगळा. कुणाला मानगुटीला धरून बाहेर काढताना अंगठा आणि बोटं मिळून जो आकार होतो तो अर्धचंद्र, त्यामुळे त्यात अपमान आलाच. रॉय कीन १९९३ पासून युनायटेडमध्ये, १९९७ पासून कॅप्टन, आणि १८ नोव्हेंबर २००५ ला एका सकाळीत संपलं. मिडल्सब्रोकडून ४-१ ने हरल्यावर क्लबच्याच चॅनेलवर त्याने टीममधल्या पोरांना नावं घेऊन झोडपलं होतं, ती मुलाखत दाखवलीच नाही, पण आतून सगळं तुटलं. पत्रकात तिथेही परस्पर संमतीच होती. तरी मी त्याला अर्धचंद्रच म्हणेन. तुम्ही काय म्हणाल?

*

दादा, विषय मस्त काढलात. मी या चारांच्या आधीच्या टप्प्यावर बोलते, कारण डच्चू मिळण्याआधी खेळाडू काय करतो त्यालाही आपण एकच शब्द लावतो, "नकार दिला" किंवा फार तर "बंड केलं". दोन्ही शब्द मॅनेजरच्या बाजूचे आहेत हे लक्षात घ्या.

मँचेस्टर सिटीच्या तेवेझची केस घ्या. २७ सप्टेंबर २०११, म्युनिक, चॅम्पियन्स लीग, सिटी बायर्नकडून २-० ने हरली. मॅनेजर मॅन्चिनी मॅचनंतर सगळ्यांसमोर म्हणाला की तेवेझने मैदानात उतरायला नकार दिला, आता तो माझ्यासाठी संपला. तेवेझचं म्हणणं वेगळंच होतं. मी आधी एकदा वॉर्मअप करून बसलो होतो, परत वॉर्मअप करायला सांगितलं त्याला मी नाही म्हटलं, खेळायला नाही म्हटलेलं नाही. आता इथे "खेळायला नकार" लिहिलं की निकाल मॅन्चिनीच्या बाजूने लागला. "गैरसमज झाला" लिहिलं की तेवेझच्या. मराठीत यावर सुंदर शब्द आहे, अडून बसला. अडून बसणारा काहीतरी नक्कीच करत नाहीये पण ते काय, आणि कारण योग्य की अयोग्य, हे त्या शब्दात येत नाही. बाकावरून तो उठला नाही एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. आढेवेढे म्हणाल तर ते फार सौम्य, आढेवेढे घेणारा शेवटी तयार होतो. हटून बसला म्हटलं की त्यात लहान पोराचा हट्ट येतो, पुन्हा मॅनेजरची बाजू.

त्यापुढची गोष्ट तर अजून चांगली आहे शब्दांसाठी. दंड झाला, नोव्हेंबरात तो परवानगी न घेता अर्जेंटिनाला निघून गेला तो थेट फेब्रुवारीत परतला, माफी मागितली. मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि नासरीच्या विजयी गोलचा पास त्याचाच. एप्रिलमध्ये नॉरिचला ६-१ मारलं त्यात तेवेझची हॅटट्रिक, आणि गोल केल्यावर त्याने मैदानातच गोल्फचा फटका मारायची ॲक्शन केली होती. मे महिन्यात सिटी ४४ वर्षांनी लीग जिंकली. आता याला काय म्हणणार? राजकारणाच्या बातम्यांतलं मनोमीलन? दिलजमाई? माझ्या मते दोन्ही नाही, कारण मनं जुळली असं काही दिसलं नाही. हा समेट होता. मॅन्चिनीला गोल हवे होते, तेवेझला मैदान हवं होतं. समेटात मन जुळावं लागत नाही, भांडण थांबलं की पुरतं.

*

ताई, "अडून बसला" अगदी पटलं. माझ्यासारख्या जुन्या माणसाला या सगळ्यात साइपान आठवतं. २००२ चा वर्ल्ड कप जपान-कोरियात, आयर्लंडची टीम आधी साइपान बेटावर सरावाला गेलेली. मैदान दगडासारखं कडक, सरावाचं सामान आणि बॉल वेळेवर पोचलेले नाहीत. कॅप्टन रॉय कीन खवळलेला, एकदा मी जातो म्हणाला, मग थांबला, मग आयरिश टाइम्सला मुलाखत देऊन टाकली. ती छापून आली तेव्हा मॅनेजर मिक मकार्थीने सगळ्या टीमला एका खोलीत बसवलं आणि त्या मुलाखतीबद्दल कीनला सर्वांसमोर विचारलं. त्यावर कीन जे सुटला ते ऐकणारे खेळाडू पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले.

इथे आपले लोक "दोघांत खडाजंगी झाली" असं लिहितात. खडाजंगीला दोन बाजू लागतात हो. हमरीतुमरीला तर दोघं एका पातळीवर यावे लागतात. त्या खोलीत बोलत होता एकटा कीन. त्याला लाखोली वाहिली म्हणा, नाहीतर तोंडाचा पट्टा सोडला म्हणा.

आणि खरा वाद त्यापुढचा. कीन टीम सोडून आला की त्याला परत पाठवला? आयर्लंडमध्ये यावरून घराघरात दोन तट पडले, आजही आहेत, कारण "सोडून आला" म्हणणारा मकार्थीच्या बाजूचा आणि "पाठवला" म्हणणारा कीनच्या. आपल्याकडे मात्र "मायदेशी परतला" असं छापतात, जणू मामाच्या गावाहून आलाय. मला हे अजिबात मान्य नाही. बातमी देणाऱ्याला बाजू घ्यायची नसेल तर त्याने दोन्ही बाजू काय म्हणतात ते लिहावं, पण असला गुळगुळीत शब्द वापरून भांडणच पुसून टाकू नये. टीम पुढे कीनशिवाय कॅमेरून आणि जर्मनीशी १-१ करून, सौदीला ३-० हरवून बाद फेरीत गेली, स्पेनकडून पेनल्टीवर हरली. म्हणजे ज्यांना मकार्थी बरोबर वाटत होता त्यांनाही पुरावा मिळाला आणि "कीन असता तर स्पेनलाही हरवलं असतं" म्हणणाऱ्यांनाही.

*

नमस्कार, मी गोव्यातून. बंड या शब्दावर थोडं. २०१० च्या वर्ल्ड कपला फ्रान्सच्या टीमचं जे झालं त्याला सगळे बंड म्हणतात पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि त्या वेगळ्याच ठेवायला पायजेत. १७ जूनला मेक्सिकोविरुद्ध हाफटाइमला निकोला आनेल्का मॅनेजर दोमेनेकला उलटून बोलला, शिव्या दिल्या असं पेपरात पहिल्या पानावर आलं, नेमके शब्द कोणते यावर मग कोर्टापर्यंत गेलं. त्याला घरी पाठवलं. हे झालं उलट बोलणं, एकट्याचं. तीन दिवसांनी नायस्ना गावात टीम सरावाला आली, कॅप्टन एव्ह्राची फिटनेस कोचशी बाचाबाची झाली, आणि सगळे खेळाडू बसमध्ये जाऊन बसले, पडदे ओढून घेतले, सराव नाय. ज्या मॅनेजरविरुद्ध हे चाललेलं त्यालाच खेळाडूंचं पत्रक पत्रकारांना वाचून दाखवायला लागलं. ह्याला मी संप म्हणेन. बंडात गादी उलथायची असते, संपात एक मागणी असते, आमच्या माणसाला काढला त्याचा निषेध. आनेल्काला नंतर १८ मॅचची बंदी घातली, एव्ह्राला ५.

आता आपल्या जवळचं. हाच आनेल्का २०१४ ला मुंबई सिटीकडून आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग खेळायला आला आणि २०१५ च्या सीझनला तोच खेळाडू आणि तोच मॅनेजर. म्हणजे ज्याने मॅनेजरला सुनावलं म्हणून जग ओळखायचं त्याच्याच हातात संघाची यादी. १७ नोव्हेंबर २०१५ ला फातोर्ड्याला आमच्या एफसी गोवाने त्यांना ७-० हरवलं, डुडू आणि हाओकिप दोघांच्या हॅटट्रिक, आमच्या बाकावर कोच झिको. ते स्टेडियम त्या रात्री कसं दणाणलेलं ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच कळेल. खेळाडू-मॅनेजर या पदाला आपल्याकडे शब्द नाय. कोणी सुचवेल काय? "खेळता मॅनेजर" मी वापरतो, खेळता पंतोजी पण ऐकलेला एकदोघांकडून.

*

धागा काढणारा मीच परत. काका, खडाजंगीचं एकदम पटलं, त्यावरून एक गोष्ट जोडतो. मराठीत भांडणाच्या शब्दांना वरून खाली आणि खालून वर अशी दिशा असते. कानउघाडणी, खरडपट्टी, हजेरी घेणं, झाडाझडती हे वरून खाली, मॅनेजरच खेळाडूची करतो, उलटं कधीच होत नाही. शिरजोरी, मुजोरी, उलट उत्तर हे खालून वर. आणि डोईजड होणं! स्टार खेळाडूला याहून नेमका शब्द नाही. फर्ग्युसनने नंतर लिहून ठेवलंय की युनायटेडचा कुठलाही खेळाडू स्वतःला मॅनेजरपेक्षा मोठा समजायला लागला की त्याला जावं लागायचं, म्हणजे डोईजड झाला की नारळ.

१५ फेब्रुवारी २००३, एफए कपमध्ये आर्सेनलने ओल्ड ट्रॅफर्डवर २-० ने हरवलं. ड्रेसिंग रूममध्ये फर्ग्युसन दुसऱ्या गोलवरून बेकहॅमची खरडपट्टी काढतोय, इथवर वरून खाली. बेकहॅमने उलट उत्तर दिलं, खालून वर. मग फर्ग्युसनने जमिनीवर पडलेल्या बुटाला लाथ मारली आणि तो बूट उडून थेट बेकहॅमच्या डाव्या डोळ्याच्या वर लागला, रक्त आलं, बेकहॅम अंगावर धावला, बाकीच्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी तो केस हेअरबँडने मागे घेऊन बाहेर पडला आणि ती जखम सगळ्या फोटोत आली. आता अंगावर धावून जाणं याला दिशाच राहिली नाही, तिथे दोघं बरोबरीचे झाले, आणि माझ्या मते त्या खोलीत सगळं तिथे फिरलं. म्हणून त्या दिवसाला मी "खरडपट्टी" लिहिणार नाही. "बिनसलं" लिहीन. बिनसलं, फिसकटलं, वाजलं या क्रियापदांना कर्ताच नसतो, "दोघांचं बिनसलं" म्हटलं की कुणी बिघडवलं हे सांगावं लागत नाही आणि तरी खोटंही बोलावं लागत नाही. पण हे शब्द आळसाने वापरू नयेत, खरंच दोघांचा हात असेल तिथेच.

गोवेकर, "खेळता मॅनेजर" छान आहे, पंतोजी नको, त्यात छडी येते.

*

एक प्रश्न माझापण. ६ डिसेंबर २०२५ ला लिव्हरपूलची लीड्सशी ३-३ झाली, सालाह पूर्ण मॅच बाकावर, आणि नंतर तो पत्रकारांशी जे बोलला त्यातलं एक वाक्य आमच्या ग्रुपवर एकाने "क्लबने मला बसखाली ढकललं" असं इंग्रजी वाक्प्रचार तसाच उचलून मराठी करून टाकलं. वाचणाऱ्याला खुनाचा प्रयत्न वाटेल. तोंडघशी पाडलं चालेल का? की वाऱ्यावर सोडलं?

*

वाऱ्यावर सोडलं नको. त्यात मदत केली नाही एवढंच येतं. तोंडघशी पाडलं जवळचं आहे पण त्यात विश्वासघात आणि फजिती येते, दोष येत नाही. सालाह त्याच दमात म्हणाला होता की सगळा दोष माझ्यावर यावा असं कुणाला तरी हवंय, म्हणजे अर्थ तोच सांगतोय. सीझन वाईट चाललाय त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. खापर फोडणाराचं नाव घ्यायची गरज नाही हे पण यात बसतं, कारण त्याने क्लब म्हटलं, मॅनेजर स्लॉट म्हटलं नाही. मॅनेजरबद्दल वेगळं बोलला, की आधी चांगलं होतं आणि अचानक आमच्यात काही उरलंच नाही. त्याला अबोला म्हणू नका बरं का, अबोला आपल्या माणसाशी धरतात. त्याला संबंध तुटले म्हणा. पुढे इंटर मिलानच्या दौऱ्याला त्याला नेलं नाही, तो डच्चू, आणि ब्रायटनविरुद्ध परत उतरून त्याने एका गोलला पास दिला, तेव्हा वरच्या ताईंच्या हिशोबाने समेट, दिलजमाई लिहायची घाई नको.